निम्मी रजा

देवमन तायड्याच्या डोक्यावर केस फार दाट होते आणि पुढचं सगळं महाभारत त्या केसांपायी झालं. महाभारत हा शब्द त्याच्या वडिलांना, किसनरावांना, मुळीच चालला नसता. छप्पन साली नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर म्हाताऱ्याने घरातले देव काढले, सण काढले आणि बोलण्यातूनही पुराणं जमतील तेवढी हाकलून लावली. पण त्या आठवड्यात अमरावती ते अकोला जे काही घडलं त्याला दुसरा शब्द आम्हाला सापडत नाही, तेव्हा किसनरावांनी आम्हाला क्षमा करावी.

देवमन एका कापसाच्या कंपनीच्या अमरावती शाखेत कारकून होता. ही एकसष्ट-बासष्ट सालची गोष्ट. कंपनीत घरच्या मयताची रजा मिळत असे, पगारी मिळत असे. पण ती मिळण्याची रीत मात्र अख्ख्या वऱ्हाडात दुसरीकडे कुठे नसावी. फार मागे डोमाजी नावाच्या एका कारकुनाने एकाच आजीला तीनदा मारलं होतं. तिसऱ्या वेळी ती आजीच नातवाचा डबा घेऊन कचेरीत आली. कंपनीचे मालक शेटजी संतापले आणि त्यांनी फर्मान काढलं की, यापुढे ज्याच्या डोक्यावर दुःख दिसेल त्यालाच रजा. म्हणजे मुंडण दाखवा, रजा घ्या. रजेसाठी आजी कोणीही मारील, पण आपले केस कोणी फुकट जाऊ देणार नाही, असा शेटजींचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. तेव्हापासून त्या रजेचं नावच सुतकाची रजा पडलं. गुळगुळीत डोक्याचा माणूस दारात दिसला की हेडक्लार्क रामराव बोंडे एक शब्द न विचारता रजा लिहून टाकीत. ज्याच्या जातीत सुतक जितक्या दिवसांचं, तितके दिवस. मुंडण न करणारा एक मुसलमान चौकीदार कंपनीत होता, पण कंपनीच्या नशिबाने त्याच्या घरी सगळे ठणठणीत होते. त्यामुळे नियमाला कधी धक्का लागला नव्हता.

तो धक्का देवमनने दिला. कौंडण्यपूरजवळच्या त्याच्या गावाहून वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, तसा तो हातातलं काम टाकून गेला. किसनराव त्याची वाटच पाहत होते. शेवटी बोलायला ताकद नव्हती, तरी म्हाताऱ्याने मुलाचा हात धरून बजावलं, “केस काढू नोको. तेरवी करू नोको. कावळ्याले घास ठेवू नोको. नाई तं मी उठून बसीन.” किसनराव बोललेलं करून दाखवणारे गृहस्थ होते. देवमनने मान हलवली आणि म्हातारा गेला.

सगळं आटोपल्यावर देवमन रजा मागायला अमरावतीला निघाला. रविवारी गावात तेरवीच्या जागी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. हे नक्की कसं करायचं ते गावात कोणालाच नीट माहीत नव्हतं. जुनं सोडून फार वर्षं झाली नव्हती आणि नवं अजून अंगवळणी पडलं नव्हतं. निघताना इंदूबाई, त्याची आई, दारात येऊन म्हणाली, “जाय, पण लवकर ये बाप्पा. मी काय एकटी त्या रिकाम्या खाटीकडं पाहात बसू?” देवमन म्हणाला, “संध्याकाळच्या मोटारीनं येतो माय. रजेचं काय, लगेच होते.”

कचेरीच्या दारात पहिला भेटला मोतीराम. हा शेजारच्या टेबलावरचा कारकून. त्याने देवमनचं डोकं पाहिलं, दाट काळे केस पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. “वाचले म्हना बुढे!” असं म्हणून त्याने देवमनची पाठ थोपटली आणि तोंड उघडायला सवड न देता आत ओरडून सांगितलं. सगळे उठून आले. कोणी म्हणालं, जुनं हाड आहे. कोणी म्हणालं, वर्धा नदीच्या पाण्याचा गुण. रामरावांनी स्वतः चहा मागवला. देवमनच्या हातात कप आला तेव्हा कुठे त्याला बोलायला जागा सापडली.

“वारले ते,” तो म्हणाला.

सगळे त्याच्या तोंडाकडे नव्हे, केसांकडे पाहू लागले. कप खाली ठेवावा की प्यावा हे कोणालाच कळेना. मोतीरामने तर एक घोट घेतलेला होता, तो त्याने बराच वेळ गालात धरून ठेवला.

“वारले तं मग हे काय?” रामरावांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवत विचारलं.

“आमच्यात काढत नाईत आता.”

“बरं, नसन काढत. सुतक किती दिवसांचं?”

“सुतकच नाई.”

रामरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाची रजा अडवली नव्हती आणि कोणाला नियमाबाहेर दिलीही नव्हती. “देवमनबाबू,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “ही सुतकाची रजा हाये. तुमच्यात सुतक नाई. मंग मी रजा कायची देऊ?”

“पण बाप मेला ना माहा.”

“ते व्हय. दुःख हाये, ते दिसूनच राहिलं. पण सुतक नाई ना.”

दुःख आणि सुतक या दोन वस्तू वेगवेगळ्या असतात, हे देवमनच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. रामरावांच्याही आलं नव्हतं. मोतीराम मदतीला धावला. त्याचं म्हणणं, आजारपणाची रजा टाका, हगवण लिहा, हगवणीला कोणी पुरावा मागत नाही. देवमनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. किसनरावांसारख्या माणसाच्या मृत्यूची नोंद हगवण म्हणून व्हावी, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, “माहा बाप मेला, माहं पोट नाई बिघडलं.” शेवटी रामरावांनी नेहमीचा उपाय काढला. जे आपल्याला कळत नाही ते अकोल्याला पाठवायचं. अकोल्याला कंपनीची मुख्य कचेरी होती आणि तिथे मॅनेजर दामले साहेब होते. “तुमी सोता जा. कागदावर हे समजावता येत नाई,” रामराव म्हणाले.

संध्याकाळची गावची मोटार गेली. राजापेठेत देवमनची भाड्याची खोली होती. तिथे घरमालकीण पार्बताबाई ओसरीवरच बसलेल्या. त्यांना बातमी आधीच लागली होती. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे विहिरीवरची आपली बादली उचलून आत नेली.

“तुमी बसा तिकडंच, मी पाणी वाढून देतो. सुतक हाये तुमाले,” बाई म्हणाल्या.

“आमाले सुतक नसते, बाई.”

“तुमाले नसन. मले हाये ना.”

हे शास्त्र देवमनला नवीन होतं. कंपनीला पाहिजे तर सुतक त्याच्यापाशी नव्हतं आणि ज्यांना नको त्या पार्बताबाईंकडे फुकट आलेलं होतं. ते तसंच उचलून रामरावांच्या टेबलावर नेऊन ठेवता आलं असतं तर काम झालं असतं. बाईंनी भाकर मात्र गरम वाढली. वाढताना म्हणाल्या, “काढून टाका ना केस. गवत हाये ते, आठ दिवसांत येते. बापाचा आत्मा...” देवमनने जेवण अर्धंच सोडलं. झोपताना त्याला सारखं वाटत होतं, की माय मोटारीच्या वाटेकडे डोळे लावून बसली असेल आणि उपाशी असेल.

सकाळी बडनेऱ्याला गाडी पकडून तो अकोल्याला उतरला. दामले साहेब मूळचे पुण्याचे. गोरे, नेमके आणि सुधारक. देवमनला त्यांनी खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि मग फारच कळवळून बोलू लागले.

“असं पाहा तायडे, तुमच्या धर्मांतराबद्दल मला व्यक्तिशः अतिशय आदर आहे. जुन्या रूढी मोडल्याच पाहिजेत. मी स्वतः शेंडी ठेवत नाही.”

देवमनला बरं वाटलं.

“आणि आदर आहे म्हणूनच विचारतो. तुमच्या धर्मात शोक किती दिवसांचा?”

“माहीत नाई साहेब.”

“माहीत नाही? अहो, तुमचा धर्म ना?”

“नवीन हाये ना साहेब. सारं शिकून नाई झालं.”

दामले साहेबांनी टेबलावर पेन्सिल वाजवली. मग त्यांना युक्ती सुचली. धर्मगुरूला विचारून या. ते जो आकडा सांगतील तो कंपनी निमूट मान्य करील, कारण धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप करणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. देवमन पुन्हा उन्हात आला. विचारत विचारत मोर्णा नदीच्या काठी एका पत्र्याच्या खोलीत उतरलेल्या भंतेजींपर्यंत पोचला. भंतेजी म्हातारे होते. आधी ते गिरणीत कामाला होते. चिवरातून दिसणारे हात अजून कामगाराचेच होते. त्यांनी देवमनला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि बाप कसा होता ते विचारलं. ते विचारणारा हा पहिलाच माणूस होता. देवमन बोलत सुटला आणि बऱ्याच वेळाने त्याला आपण कशासाठी आलो ते आठवलं.

“भंतेजी, दुःख किती दिवसांचं धरतेत आपल्यात?”

“दुःखाले मुदत नसते बाबू.”

“पण कंपनीले आकडा पाहिजे.”

“कंपनीले पाहिजे म्हणून दुःख थोडीच मोजून येते? सारं अनित्य हाये. दुःखही अनित्य हाये. जाईन तवा जाईन.”

देवमनला ते ऐकून फार शांत वाटलं. ती शांती कचेरीच्या जिन्यापर्यंत टिकली. त्याने भंतेजींचं उत्तर दामले साहेबांना जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा साहेबांच्या हातातली पेन्सिल थांबली.

“मुदत नाही? म्हणजे तुम्ही परत कधी येणार?”

“ते नाई सांगितलं त्यायनं.”

“अहो, म्हणजे ही कायमचीच रजा झाली! पगारी!” साहेबांचा आवाज चढला, मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. “सगळं अनित्य आहे हे मला पटतं हो, तायडे. पण हजेरीपट नित्य आहे. शेटजी दर महिन्याला पाहतात. तुमच्यात एक तर सुतक शून्य किंवा दुःख अनंत. मी मध्ये काय लिहू?” मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून ते पुटपुटले, “आता मी एक सुधारक माणूस आहे, मी हे म्हणू नये, पण... केस वाढतात हो परत.”

देवमन उठला. साहेबांचा राग करावा तर त्यांनी खुर्ची दिली होती. रामरावांचा करावा तर त्यांनी चहा पाजला होता. पार्बताबाईंनी गरम भाकर वाढली होती. जो तो आपापल्या परीने चांगलाच वागत होता आणि सगळ्यांच्या चांगुलपणाचा रोख शेवटी त्याच्या डोक्याकडेच वळत होता. रविवार जवळ आला होता. माय एकटी होती. बापाने काय सांगितलं ते त्याला पाठ होतं, पण बापाने हेही सांगायला पाहिजे होतं की माय एकटी बसली असताना काय करायचं. शेवटी टांग्यांच्या अड्ड्यापाशी लिंबाखाली नत्थुजी न्हावी पेटी मांडून बसला होता, त्याच्यासमोर देवमन जाऊन बसला आणि म्हणाला, “काढा सारे.”

“कोण गेलं?” नत्थुजीने पाणी लावत विचारलं.

“बाप.”

नत्थुजी चुकचुकला, त्याने डोकं चोळून ओलं केलं आणि कपाळापासून टाळूपर्यंत वस्तरा एकदा सरळ ओढला. केसांचा एक मोठा पुंजका देवमनच्या मांडीवर पडला. मग नत्थुजी मागे गेला, मान वाकवून पाहू लागला आणि थांबला.

“हे मांगून कोणं कापले हो? डावी बाजू पार वर चढली. कोण्या आडाण्याचा हात दिसते.”

देवमन एकदम ताठ झाला. तो हात किसनरावांचा होता. गावच्या न्हाव्याचा वस्तरा त्यांच्या वस्तीतल्या डोक्याला लागत नसे. म्हणून किसनरावांनी कौंडण्यपूरच्या जत्रेतून कात्री आणली आणि पोराचे केस स्वतः कापायला घेतले. डावी बाजू त्यांना आयुष्यभर साधली नाही. पुढे देवमन अमरावतीला आला. तिथल्या दुकानात कोणी जात विचारत नव्हतं, आरसे होते, पावडर होती. पण महिन्याकाठी तो गावी जाऊन बापापुढेच मान वाकवत असे. या वेळचे केस म्हाताऱ्याने आजारी पडायच्या आधी खाटेवर बसूनच कापले होते. तार आल्यापासून देवमनच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. रजेच्या भानगडीत त्याला फुरसत मिळाली नव्हती. तो आता भर रस्त्यात, ओल्या डोक्याने, मांडीवरचा पुंजका मुठीत धरून रडू लागला.

नत्थुजी गोंधळला. त्याच्या पेटीसमोर माणसं केस गेल्यावर रडत, मध्येच नव्हे. “राहू द्या,” देवमन म्हणाला. “मांगचे बापानं कापेल हायेत. ते नाई देत.”

“अहो, पण यवढं झालं त्याचं काय करू? लोक काय म्हणतीन? न्हावी मधातच मेला म्हणतीन!”

देवमन तसाच उठला. मध्ये गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही बाजूंना दाट रान, अशा अवस्थेत तो अकोल्याच्या बाजारातून चालत गेला. लोकांनी वळून पाहिलं. एका टांगेवाल्याने घोडा थांबवला. ऐन कचेरीच्या वेळी तो तिसऱ्यांदा दामले साहेबांच्या खोलीत शिरला आणि न सांगता खुर्चीवर बसला.

साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “हे काय?”

“यवढंच झालं साहेब. बाकीचे नाई देत. रजा द्या नाई तं नोका देऊ, मी गावाले चाललो. माय एकटी हाये.”

दामले साहेबांनी पुन्हा एकदा तो पट्टा नीट पाहिला. नियम मोडलेला नव्हता. पुरता पाळलेलाही नव्हता. धर्माचा मान राहिला होता आणि शेटजींना दाखवायला काहीतरी झालं होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू न्यायाधीशाचं समाधान पसरलं. त्यांनी अर्ज ओढला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: “निम्मी रजा मंजूर.” खाली सही केली. मग उठून दारापर्यंत आले आणि म्हणाले, “टोपी घाला हो, ऊन आहे.”

गावची मोटार अमरावतीहूनच सुटायची, म्हणून देवमन अर्ज द्यायला शाखेत गेला. रामरावांनी तो वाचला, उलटून पाहिला, मागे काही नव्हतं.

“कायच्या निम्मी?”

“साहेबानं लिहिलं तसं हाये.”

“तेराच्या निम्मे साडेसहा. दहाच्या पाच. पण तुमच्यात तं शून्य हाये. शून्याच्या निम्मे?”

“भंतेजी म्हणाले मुदतच नाई.”

“म्हणजे अनंत. अनंताच्या निम्मे...” रामराव बोटं मोजता मोजता थांबले. शाळेत त्यांचं गणित चांगलं होतं, पण हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही. “देवमनबाबू, तवा आमी चहा मागवला, आन् तुमचे वडील कसे गेले हे इचारलंच नाई कोणं. जा तुमी. मोटार सुटून जाईन. आकडा सापडला की निरोप धाडतो.”

घरी इंदूबाई खाटेच्या पायाशी बसलेली होती. देवमनने टोपी काढली तशी ती बघतच राहिली. त्याने सगळं सांगितलं. रामराव, पार्बताबाई, दामले, भंतेजी, नत्थुजी. तिला त्यातलं निम्मं कळलं, निम्मं त्यालाच सांगता आलं नाही. ती उठून फळीवरची कात्री घेऊन आली आणि त्याची मान खाली दाबली.

“मांगचे नोको घेऊ माय.”

“मांगचे कोण घेते? पुढचं तं सारखं करू दे. रविवारी लोक येतीन, असा बसशीन काय?” ती पट्ट्याच्या दोन्ही बाजू खाली आणू लागली. थोड्या वेळाने तिने मागे सरून पाहिलं. “डावीकडं वर गेले वाटते.”

“जाऊ दे.”

“तुह्या बापानं तरी कुठं सरळ कापले होते,” ती म्हणाली. मग नाक पुसून पुन्हा कात्री चालवू लागली. “किती दिवस हायेस आता?”

“निम्मी रजा देली.”

“कायच्या निम्मी?”

“ते कोणालेच माहीत नाई माय.”

“मंग बस,” इंदूबाई म्हणाली.